कुंडीतले फळझाड आणि ‘हुंडी फुटू देऊ नका’

कुंडीतील फळझाड जमिनीत लावताना मुळांना हात लावू नये, हुंडी जशीच्या तशी खड्ड्यात ठेवावी, हा सल्ला पुण्यात रोपवाटिकेपासून सोसायटीच्या बागेपर्यंत इतक्या ठामपणे दिला जातो की, तो नेमका कोणत्या झाडासाठी आहे हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. हुंडी म्हणजे मुळांनी धरून ठेवलेला मातीचा गोळा. पिशवीतील कोवळ्या कलमाची हुंडी फुटली तर त्याची मोजकीच तंतुमुळे तुटतात आणि कलम कोमेजते. तेथे हा सल्ला योग्यच आहे. मात्र गच्चीवर चार-पाच वर्षे एकाच कुंडीत राहिलेल्या लिंबाला तो लागू करणे म्हणजे दोष जपून लावणे होय.

अशा झाडाची मुळे कुंडीच्या भिंतीला अडून वळतात आणि गोल फिरत राहतात. जमीन मिळाली की ती आपोआप सरळ होतील, ही समजूत निराधार आहे; कारण मूळ लांबते ते फक्त टोकाशी, आणि लाकडासारखा कठीण झालेला भाग दिशा न बदलता जागच्या जागी जाड होतो. पुढे खोड आणि त्याभोवतीचे मूळ दोन्ही जाडावत गेली की खोडाचा तळ आवळला जातो, अन्नरसाचा मार्ग अडतो आणि झाड एका बाजूने वाळू लागते. हे काही वर्षांनी घडत असल्यामुळे खापर मात्र खतावर किंवा किडीवर फोडले जाते.

यावर उपाय एकच: हुंडी भिजवून, कडेने फिरणारी मुळे धारदार कात्रीने कापावीत आणि उरलेली हाताने मोकळी करून बाहेरच्या दिशेने पसरावीत. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे एडवर्ड गिलमन यांनी हुंडीचा बाहेरचा थर कापून लावलेल्या झाडांचा अभ्यास केला असून, त्यामुळे मुळांची रचना सुधारते असे त्यांना आढळले. कापलेल्या टोकाजवळून नवी मुळे फुटतात आणि ती बाहेर धावतात.

‘सोटमूळ तुटेल’ हा आक्षेप येथे हमखास येतो. परंतु छाट कलमाचे अंजीर, गुटी कलमाचे डाळिंब आणि पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेल्या ‘सरदार’ पेरूचे दाब कलम यांना सोटमूळ मुळातच नसते; त्यांची मुळे फांदीवर फुटलेली, म्हणजे आगंतुक असतात. आंब्याचा खुंट, म्हणजे कलमाखालचे रोप, कोयीपासून वाढवलेला असल्याने त्याला सोटमूळ असते खरे, पण जुन्या कुंडीत तेही तळाशी वळलेले असते. खरा अपवाद पपईचा. तिची मुळे दुखावू नयेत.

मुळे कापल्यावर झाडाला दमट हवा हवी, म्हणून हे काम पुण्यात पावसाचा जम बसल्यावर, जून-जुलैत करावे. काळ्या चिकण मातीत फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात. त्या खरवडून घ्याव्यात.

उरलेल्या समजुतींचा निकाल थोडक्यात लागतो:

तळाशी खडी टाकल्याने निचरा सुधारत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही.

भारी जमिनीत खड्डा निव्वळ शेणखताने भरल्यास त्यात पाणी साचते आणि खत कुजून झाड खाली बसते. खत वरून, आच्छादन म्हणून द्यावे.

खोल लावल्याने झाड घट्ट बसत नाही. कलमाचा जोड मातीवरच राहिला पाहिजे, कारण लिंबाचे खोड ओल्या मातीत गाडले तर डिंक्या रोगाला आमंत्रण मिळते.

लावताच रासायनिक खताचा डोस देणे निरर्थक आहे. कापलेल्या मुळांना त्या वेळी पाणी हवे असते.