आधी झेंडा, मग देश

आपला साधारण समज असा, की देश आधी स्वतंत्र होतो आणि मग झेंडा ठरवतो. बरेचदा घडतं ते उलटं. गोसीखुर्दमध्ये बसून याचा दाखला शोधायला आपल्याला लांब जायला नको, नागपूर पुरे.

१९२३ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात झेंड्याची मिरवणूक न्यायला मनाई केली. पांढरा, हिरवा, तांबडा असे तीन पट्टे आणि त्यांवर चरखा, असा तो झेंडा. त्याच्यामागे ना सरकार होतं, ना कायदा. तरी १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघायच्या आणि पकडल्या जायच्या. जमनालाल बजाज यांना अटक झाली, तेव्हा वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. दीड हजारांहून जास्त माणसं तुरुंगात गेली. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच भागातून पार पडली. पुढे संविधान सभेने चक्रांकित तिरंगा स्वीकारला, तो २२ जुलै १९४७ रोजी. म्हणजे स्वातंत्र्याच्या चोवीस दिवस आधी.

आता युरोपातला एस्टोनिया पाहू. लोकसंख्या चौदा लाखांच्या आत. आपल्या भंडारा जिल्ह्याची २०११ साली बारा लाख होती, यावरून अंदाज घ्या. रशियन साम्राज्याच्या काळात, १८८४ साली, तिथल्या विद्यार्थी संघटनेने निळा, काळा, पांढरा असा आपला झेंडा केला. देश झाला १९१८ मध्ये, चौतीस वर्षांनी! १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली आणि झेंड्यावर बंदी आली. लोकांनी तो घरात लपवून जपला. २४ फेब्रुवारी १९८९ ला तो राजधानी टालिनच्या जुन्या बुरुजावर पुन्हा चढला; स्वातंत्र्य परत मिळालं ते १९९१ च्या ऑगस्टमध्ये. याही वेळी झेंडा आधीच!

असं का होतं? सत्ता कचेरी, खजिना, जमीन ताब्यात घेऊ शकते. झेंडा मात्र घडी करून पेटीत ठेवता येतो, आणि 'आपण एक आहोत' ही जाणीव त्याच्यासोबत टिकते. बंदी घालणाऱ्यांनाही हे कळतं, म्हणून तर ते कापडाच्या तुकड्याला घाबरतात.

वैनगंगेवरच्या या धरणात ज्यांची गावं गेली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. घर-शेत पाण्याखाली गेलं, तरी गावाचं नाव माणसं सोबत नेतातच.