इंग्रजी शब्दांचे सांधे



मुंबईंत परळ आणि नायगांव यांच्या लगत भोईवाडा नांवाची वस्ती आहे. इंग्रजी शब्दांची घडण हा आजचा माझा विषय. पण त्याला आरंभ भोईवाड्यापासून करावा असें मला वाटतें. एक कारण त्या नांवांतच आहे. भोयांचा वाडा तो भोईवाडा. मधला 'चा' लोपला आणि षष्ठी तत्पुरुष समास झाला. पालख्या गेल्या, परंतु शब्दानें आपले दोन्ही घटक जपून ठेवले. दुसरें कारण असें कीं, या भागाच्या आसपास रुग्णालयें फार. केईएम १९२६ सालीं सुरू झालें, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं. आणि हाफकिन संस्थेची प्रयोगशाळा तर १८९९ पासून परळ येथील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानांत आहे. तेव्हां लांबलचक इंग्रजी शब्द लिहिलेला कागद हातांत धरून उभा असलेला मनुष्य येथें नित्य दृष्टीस पडतो.

समजा, असेच दोघे भाऊ गांवाहून आले आहेत. धाकट्याच्या पाठीवर गांठ आहे. तपासणीचा कागद मिळाला, त्यावर 'लायपोमा' असा शब्द. थोरल्यानें पूर्वीं कोणाकडून तरी 'कार्सिनोमा' हें नांव ऐकलेलें. दोन्ही शब्दांचा शेवट सारखा, तेव्हां रोगही तोच, असें त्याच्या मनानें घेतलें. त्या रात्रीं दोघांनाही झोंप आली नाहीं. वास्तविक 'लायपोमा' म्हणजे चरबीची गांठ, आणि ती बहुतकरून निरुपद्रवी असते. शब्द कोठें उकलतो एवढें ठाऊक असतें तर ती रात्र इतकी जड गेली नसती. म्हणून शब्दाचा सांधा कसा शोधावा, तें आज आपण पाहूं.

शब्दाचे तुकडे करीत गेलें असतां एक मर्यादा अशी येते कीं, तेथून पुढें तोडल्यास नुसते ध्वनि उरतात, अर्थ उरत नाहीं. या शेवटच्या सार्थ तुकड्यास भाषाशास्त्रांत 'रूपिम' म्हणतात. 'माणुसकी' हा शब्द घ्या. त्यांत 'माणूस' आणि 'की' असे दोन रूपिम आहेत. 'माणूस' हा एकटा वावरूं शकतो, म्हणून तो मुक्त. 'की' ला अर्थ आहे, पण आधाराशिवाय उभें राहतां येत नाहीं, तो बद्ध. मुक्त रूपिमाला मुक्त रूपिम जोडला कीं समास होतो. आधीं जोडलेल्या बद्ध रूपिमास उपसर्ग आणि नंतर जोडलेल्यास प्रत्यय म्हणतात, हें आपण शाळेंत शिकलेलेंच आहों.

प्रत्ययांची कामें दोन. 'भोईवाडा' याचें 'भोईवाड्यांत' झालें, तरी शब्द तोच राहिला; वाक्यांतील त्याचें नातें तेवढें बदललें. इंग्रजींत 'नर्स' याचें 'नर्सेस' होतें, तेंही असेंच. याला रूपविकार म्हणावें. परंतु 'माणूस' पासून 'माणुसकी' किंवा 'नर्स' पासून 'नर्सरी' होते, तेव्हां निराळा शब्द जन्माला येतो. ही शब्दसिद्धि. रूपविकाराच्या बाबतींत इंग्रजी आपल्या मराठीपेक्षां पुष्कळच गरीब आहे. शब्दसिद्धींत मात्र तिची श्रीमंती मोठी, कारण तिनें लॅटिन आणि ग्रीक या दोन भाषांचें भांडार उघडून घेतलें आहे.

'डॉक्टर' याच शब्दाची उकल करा. लॅटिनमध्यें 'डोकेरे' म्हणजे शिकविणें, आणि 'तोर' हा 'करणारा' या अर्थाचा प्रत्यय. तेव्हां डॉक्टर म्हणजे मुळांत शिकविणारा, गुरु. दाता, नेता, कर्ता या शब्दांत जो संस्कृत 'तृ' प्रत्यय आहे, तो या 'तोर'चा सख्खा भाऊ. आपल्या लोकांनीं त्यापुढें मराठी प्रत्यय लावून 'डॉक्टरीण' आणि 'डॉक्टरकी' हे शब्द केव्हांच करून टाकले. त्यासाठीं कोणा वैयाकरणाची परवानगी लागली नाहीं. शब्द घडविण्याच्या आणखीही रीती आहेत. 'किंग एडवर्ड मेमोरियल' यांतील आद्याक्षरें घेऊन 'केईएम' झालें. टाटा स्मारक रुग्णालयाचें नांव छाटून लोकांनीं नुसतें 'टाटा' ठेवलें. एक आद्याक्षरी शब्द, दुसरी छाटणी. आणि दोहोंनाही आपण बेधडक मराठी विभक्ति लावतों.

आतां कागदावरील शब्दांकडे वळूं. वैद्यकांतील बहुतेक लांब शब्द ग्रीक रूपिमांचे समास आहेत, आणि त्यांचे शेवट ओळखले कीं अर्धें काम होतें. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. अपेंडिसायटिस म्हणजे अपेंडिक्सचा दाह. 'स्कोपी' म्हणजे पाहणें. 'एंडो' म्हणजे आंत. एंडोस्कोपी म्हणजे आंत पाहणें. 'टॉमी' म्हणजे छेद. त्यामागें 'बाहेर' या अर्थाचा 'एक्' आला कीं 'एक्टमी', म्हणजे कापून बाहेर काढणें. 'स्टॉमी' हा मात्र निराळा. त्यांत तोंड या अर्थाचा 'स्टोमा' शब्द आहे. म्हणून कोलेक्टमी म्हणजे मोठें आतडें किंवा त्याचा भाग काढून टाकणें, आणि कोलॉस्टमी म्हणजे त्या आतड्याला पोटावर तोंड करून देणें. कानाला दोन्ही शब्द सारखेच लागतात. पण ज्याच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची त्याच्या दृष्टीनें त्यांत केवढें अंतर आहे!

उपसर्गांतही हेंच. 'हायपर' म्हणजे वर, अधिक. 'हायपो' म्हणजे खालीं, उणें. आपले 'उपरि' आणि 'उप' हे त्यांचेच नातलग. 'ग्लायकुस' म्हणजे गोड आणि 'हायमा' म्हणजे रक्त. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तांतील साखर उतरणें, हायपरग्लायसेमिया म्हणजे ती चढणें. पहिल्या प्रकारांत रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर द्यावी लागते. दुसऱ्यांत तीच साखर अपाय करते. नकाराचा उपसर्गही ओळखीचा आहे. संस्कृतांत व्यंजनापूर्वीं 'अ' आणि स्वरापूर्वीं 'अन्' येतो, जसें अज्ञान आणि अनादि. ग्रीकांतही तोच नियम. 'ॲटम' म्हणजे अ-छेद्य; 'ॲनिमिया' म्हणजे रक्ताचा अभाव. अर्थात् ॲनिमियांत रक्त मुळींच नसतें असें नाहीं. त्याचा कस उणावलेला असतो.

आणि येथेंच सावध राहिलें पाहिजे. घटकांची बेरीज म्हणजे शब्दाचा पुरा अर्थ नव्हे. 'तेल' हा शब्द तिळापासून निघाला, तरी आपण खोबऱ्याचेंही तेल काढतों. हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली. लसीला इंग्रजींत 'व्हॅक्सिन' म्हणतात, आणि त्या शब्दांत गाय या अर्थाचा लॅटिन 'वाका' दडलेला आहे, कारण देवीची पहिली लस गाईच्या रोगापासून घेतलेली होती. प्लेगच्या लसीचा गाईशीं कांहीं संबंध नव्हता. शब्द मात्र तोच चालू राहिला. घडण ही शब्दाची जन्मकथा सांगते. त्याचा आजचा व्यवहार रूढि ठरविते.

आतां त्या दोघां भावांकडे परत जाऊं. 'ओमा' म्हणजे गांठ किंवा वाढ, एवढेंच. ती कशाची, हें मागचा भाग सांगतो. 'लिपोस' म्हणजे चरबी, म्हणून लायपोमा. 'हायमा' म्हणजे रक्त, म्हणून साकळलेल्या रक्ताची गांठ ती हिमॅटोमा. 'कार्किनोस' म्हणजे खेकडा, म्हणून कार्सिनोमा; आपल्या 'कर्करोग' या शब्दांतला 'कर्क' ही तोच प्राणी. परंतु लिम्फोमा आणि मेलॅनोमा हे शब्द ऐकावयास लायपोमासारखेच सौम्य वाटले, तरी ते रोग कर्करोगांतच मोडतात. तेव्हां नुसत्या 'ओमा' वरून भिऊं नये, आणि नुसत्या उकलीवरून निश्चिंतही होऊं नये.

मग या ज्ञानाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग हा कीं, काय विचारावें तें कळतें. सांधा दिसला म्हणजे थोरला भाऊ दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांपुढें उभा राहून म्हणूं शकेल, "डॉक्टरसाहेब, ही गांठ चरबीचीच ना? हिच्यापासून धोका नाहीं ना?" निदान करणें हें डॉक्टरांचें काम, पण नेमका प्रश्न विचारणें हें आपलें. तुमच्या हातीं असा कागद कधीं आला, तर तो घडी घालून खिशांत ठेवण्यापूर्वीं त्यावरील सर्वांत लांब शब्द एकदां सावकाश, तुकड्यातुकड्यानें वाचून पाहा.