बाळापूरचा किल्ला : सनावळींतील एक घोळ

अकोल्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमीं बाळापूर वसलें आहे. बाळादेवीच्या स्थानावरून गांवास हें नांव पडलें, असें मानतात. सभोंवार पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन असून कापूस, ज्वारी व तूर हीं येथील मुख्य पिकें होत. तालुक्याचा कांहीं भाग खारपाणपट्ट्यांत मोडतो. तेथें विहिरींस खारें पाणी लागतें. अशा मुलखांत नदीसंगमाचें मोल निराळें सांगावयास नको. अबुल फजल यानेंहि ‘ऐन-इ-अकबरी’त येथील दोन नद्या आणि त्यांच्या कांठीं सांपडणारे सुंदर खडे यांची नोंद केली आहे.

संगमाजवळच्या उंचवट्यावर दुहेरी तटाचा, विटांच्या बांधणीचा किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा पुत्र आज्जमशहा यानें १७२१ सालीं त्यास आरंभ केला व एलिचपूरचा नबाब इस्माईलखान यानें १७५७ सालीं तो पुरा केला, असें अनेक ठिकाणीं छापलेलें आढळतें. आम्हीहि वर्गांत पुष्कळ वर्षें हेंच सांगत आलों. परंतु आज्जमशहा जाजौच्या लढाईंत १७०७ सालींच मारला गेला. चौदा वर्षांपूर्वीं निवर्तलेला पुरुष पाया कसा घालील? तेव्हां आरंभ आज्जमशहाचा मानल्यास तो १७०७ च्या पूर्वींचा ठरतो. १७२१ हें साल धरल्यास आरंभ करणारा दुसरा कोणी असला पाहिजे. निजामुल्मुल्कानें आलमअलीखानाचा बाळापुराजवळ पराभव केला तो १७२० च्या ऑगस्टांत. त्यानंतर येथें तटबंदीची निकड भासली असावी, हें संभवतें. पण संभव म्हणजे प्रमाण नव्हे.

नदीकांठच्या काळ्या दगडाच्या छत्रीविषयींहि असाच गैरसमज आहे. परंपरेनें ती मिर्झा राजा जयसिंगाची म्हणतात, आणि ‘छत्री’ या शब्दामुळें कित्येक तीस त्याची समाधि समजतात. जयसिंगाचा अंत १६६७ सालीं बऱ्हाणपुरास झाला. येथील छत्री त्याचें मृत्युस्थान दाखवीत नाहीं.

१८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. तिचा रस्ता बाळापुरावरून न जातां पारसवरून गेला. कागद व विणकाम यांसाठीं पूर्वीं नांवाजलेलें हें गांव मागें पडलें आणि अकोल्याची पेठ वाढली. गांवाचें वैभव ओसरलें, तरी त्याचा इतिहास तरी नीट लिहिला जावा. किल्ल्यावरील लेखांचे ठसे घेऊन ते एखाद्या फारसी जाणणाऱ्यानें नव्यानें तपासावे, आणि तोंपर्यंत शिक्षकांनीं १७२१ व आज्जमशहा हीं दोन नांवें एका वाक्यांत घालूं नयेत, इतकीच आमची विनंति आहे.