चित्रकथा : कोणत्या वाचाव्यात आणि का?

चित्रकथा वाचणे हे वाचनच नव्हे, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून फार दिवस रूढ आहे. मूल चित्रांची चोपडी घेऊन बसले की 'आता अभ्यासाला लाग' अशी आज्ञा सुटते. हा समज तपासावा आणि आम्हांस आवडलेल्या काही चित्रकथा सुचवाव्यात, एवढाच येथे हेतू आहे.

प्रथम चित्रकथेची घडण ध्यानात घेतली पाहिजे. एका चौकटीत हात उगारलेला असतो; पुढच्या चौकटीत मनुष्य जमिनीवर पडलेला असतो. मधला तडाखा चित्रकाराने काढलेलाच नसतो. तो दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक आपल्या मनाने भरतो. हे वाचनच होय.

पहिला मान 'अमर चित्र कथे'चा. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या या मालेने पुराणे व इतिहास घरोघर नेला. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांचा हात तिला लाभला. मात्र तिच्यात देव-राजे बहुधा गोरे आणि राक्षस काळे का, असे मुलाने विचारले तर त्याला गप्प करू नये.

दुसरा 'चिंटू'. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली 'सकाळ'मधून आणलेला हा खोडकर मुलगा मोजक्या चौकटींत हसवितो, आणि तेही घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीत.

तिसरी 'भीमायन' (२०११). दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र चितारले आहे. तहानलेल्या बाल भीमरावाला नाकारलेले पाणी आणि पुढे महाडचे तळे, दोन्ही तेथे भेटतात. मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात, तर विखारी बोलांना विंचवाची नांगी! अक्षर वाचण्याआधीच अर्थ कळतो.

चौथी जपानी, उजवीकडून डावीकडे वाचण्याच्या 'मांगा' परंपरेतली 'बेअरफूट गेन'. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना, १९४५ साली, हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्यातून वाचलेल्या या चित्रकाराने १९७३ पासून ही कथा क्रमशः लिहिली. ती लहानग्यांसाठी नव्हे. मोठ्या मुलांबरोबर घरातल्यांनीही वाचावी.

आमच्या बाळकुमात जुन्या गावाशेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. घरी मराठी बोलणारी, पण शाळेत इंग्रजीतून शिकणारी मुले येथे पुष्कळ. मराठीचे सलग पान पाहून ती बिचकतात. त्यांना दटावल्याने मराठी येणार नाही. 'चिंटू'ची एक पट्टी हाती दिली तर ती आपण होऊन दुसरी मागतील. ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. आपल्या सोसायटीत चित्रकथांचे एक फडताळ मांडणे आपल्याला जड जाऊ नये. आणि संध्याकाळी मुलाशेजारी बसून एवढेच विचारावे : या दोन चौकटींच्या मध्ये काय झाले असेल, सांग बरे?