चुरमुरा चिमटीत येतो का?

मागे एक आजी दहा महिन्यांच्या नातवाला सर्दीसाठी दवाखान्यात घेऊन आल्या. सोबत सूनबाई होत्या. मी औषध लिहीत असताना आजी कौतुकाने म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमचं बाळ पक्कं उजवं हो! काहीही द्या, उजव्याच हातानं घेणार. डावा हात म्हणून पुढं करायचं नाही."

मी पेन खाली ठेवले. टेबलावरची टॉर्च बाळाच्या डाव्या बाजूला धरली. बाळाने सगळे अंग वळवले, उजवा हात पलीकडे नेला आणि टॉर्च पकडली. डाव्या हाताची मूठ मिटलेली होती आणि अंगठा आत होता. उजवा हात मी अलगद धरून ठेवला, तेव्हा बाळ चिडून रडले. डावा हात थोडा वर आला, पण मूठ काही उघडली नाही.

मूल डावखुरे की उजवे, हे साधारणपणे दोन ते चार वर्षांच्या दरम्यान स्पष्ट होत जाते. तोवर ते दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरते. वर्षाच्या आतले बाळ सतत एकच हात वापरत असेल, तर दुसऱ्या हातात काही कमी आहे का, हे आधी पाहावे लागते. या बाळाच्या मेंदूच्या उजव्या भागाला जन्माच्या सुमारास इजा झाली होती, असे पुढे एम.आर.आय. तपासणीत दिसले. बाळंतपण अगदी सुरळीत झाले होते, त्यामुळे घरात कुणाला शंकाही आली नव्हती.

मी हे लगेच ओळखले यात माझी काही हुशारी नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका आईला मी "काही मुलं सावकाश शिकतात, वर्षभरात सुटेल" असे सांगून परत पाठवले होते. ते मूल पुन्हा आले तेव्हा तीन वर्षांचे झाले होते आणि त्याचे मनगट आखडू लागले होते. ती माउली मला एका शब्दाने बोलली नाही. पण तेव्हापासून लस देण्यासाठी आलेल्या प्रत्येक बाळाचे दोन्ही हात मी पाहतो.

हाताबोटांच्या बारीक हालचालींचा एक क्रम आहे. तीन महिन्यांनंतर बाळाच्या मुठी बहुतेक वेळ उघड्या असायला हव्यात. पाच-सहा महिन्यांचे बाळ हात पुढे करून खुळखुळा पकडते आणि सातव्या महिन्याच्या सुमारास तो एका हातातून दुसऱ्या हातात घेते. आधी ते वस्तू पंजाने ओढते. मग वर्षाचे होईपर्यंत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा उचलू लागते. दीड वर्षाचे मूल रेघोट्या ओढते, दोन-तीन ठोकळे एकावर एक रचते. दोन वर्षांचे मूल सहा ठोकळे रचते. तीन वर्षांचे झाले की पाहून गोल काढते. चौकोनाला मात्र साडेचार वर्षे लागतात. यात महिना-दोन महिने मागे-पुढे चालायचेच. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर दोन वर्षांचे होईपर्यंत वय मोजताना तेवढे आठवडे वजा करावेत. मात्र येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, तर एक दिवसही थांबू नये.

तपासणी म्हटले की पालक घाबरतात. सुई टोचतील, मशीन लावतील असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात निम्मी तपासणी म्हणजे खेळच असतो. बालरोगतज्ज्ञ आधी विचारतात की बाळ जन्मताच रडले का, वजन किती होते, कावीळ किंवा झटके आले होते का. मग डोक्याचा घेर मोजतात, स्नायूंचा ताठरपणा किंवा ढिलेपणा पाहतात. नंतर बाळासमोर ठोकळे, मणी, खडू ठेवून नुसते बघत बसतात. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात आपल्या मुलांसाठी तयार केलेली डी.ए.एस.आय.आय. ही चाचणी अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी वापरतात. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि समजुतीच्या १६३ बाबी आहेत. डोळ्यांची तपासणी टाळू नये, कारण दाणा दिसतच नसेल तर तो उचलणार कसा? थायरॉइडची कमतरता आणि रक्तक्षयही पाहावा लागतो. आई कडक शाकाहारी असेल आणि बाळ वर्ष झाले तरी अंगावरच पीत असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाचीही तपासणी हवी. ही कारणे औषधाने दूर होण्यासारखी आहेत. एम.आर.आय. प्रत्येकाला लागत नाही.

खर्चाची चिंता असेल, तर २०१३ साली पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यातील पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीसाठी येते आणि गरज असल्यास मुलाला डी.ई.आय.सी. या केंद्राकडे पाठवते. अंगणवाडी सेविकेला विचारले तरी ती मार्ग सांगेल.

त्या बाळाला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवले. पुढे चांगल्या हातावर दिवसातून ठराविक वेळ मोजा चढवून डाव्या हाताला काम द्यायचे असे ठरले. हा उपाय तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचा, घरी मनाने नव्हे. सूनबाईंनी दोन वर्षे नेटाने केले. आजींना सुरुवातीला ते बघवत नसे, त्या मोजा काढून टाकत. आता मुलगा दुसरीत आहे. डावा हात पूर्ण सुधारलेला नाही, पण वही धरतो, डबा उघडतो.

याच्या उलटही प्रकार येतात. साडेतीन वर्षांच्या मुलाला "हा अ-आ-इ ओळीत काढत नाही" म्हणून घेऊन येतात. या वयात बोटे लिहिण्यासाठी तयारच नसतात. अशा मुलाला पेन्सिल न देता कणकेचा गोळा द्यावा, मटार सोलायला बसवावे, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढायला सांगावे, सदऱ्याची बटणे त्यालाच लावू द्यावीत. उशीर झाला तरी भरवू नये, सांडू दे. मोबाईलच्या काचेवर बोट फिरवण्याने चिमटीत जोर येत नाही. शेंगदाणे, फुटाणे मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. मटारचे दाणेही समोर बसूनच हाताळू द्यावेत.

तपासणीला जाताना प्रसूतीचे कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे. बाळ घरी जेवताना, खेळतानाचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण मोबाईलवर करून ठेवावे. दवाखान्यात मूल बुजते आणि हात आईच्या पदरात लपवते. मूल झोपेतून उठून, पोट भरून आलेले असले की तपासणी निम्म्या वेळात होते.