वाळूच्या टेकड्यांचे फोटो काढायचेत?

मंडळी, आपल्या धामणगाव बढेला काळी माती. वाळूच्या टेकड्या बघायच्या तर थेट जैसलमेर! शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवरचं सम प्रसिद्ध, पण गर्दी फार. मला जैसलमेरजवळचं खुरी गाव जास्त बरं वाटतं.

भर दुपारी कॅमेरा बाहेरच काढू नका, सगळं सपाट दिसतं. सूर्य कलला की वाळूच्या एकेका लाटेमागे सावली पडते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू निवांत उताराची, पलीकडची जवळपास 34 अंशांची उभी. दोन्ही मिळतात ती धारदार कड फ्रेममध्ये तिरकी घ्या, आणि आधीच तिच्यावर चालून पावलं उमटवू नका!

उजळ वाळूमुळे कॅमेरा फसतो, फोटो काळवंडतो. एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप वाढवा. उघड्यावर लेन्स बदलू नका. धूळ ब्लोअरनेच उडवा, कापडाने पुसली तर काचेवर ओरखडे पडतात.