पाठीवरची शिदोरी
(मुले डोंगरावर मुक्कामाला निघताना काय बांधावे, काय वगळावे)



नाताळची सुट्टी जवळ आली की आपली तेरा-चौदा वर्षांची मुले-मुली गडावर एका रात्रीच्या मुक्कामाला जाण्याची परवानगी मागू लागतात. माझे मत विचाराल तर परवानगी जरूर द्यावी. चार सोबत्यांबरोबर उघड्यावर एक रात्र काढली, आपले अंथरूण आपण घातले, आपले ताट आपण घासले की मुलाला पुष्कळ कळते. पण परवानगी दिल्यावर घरात जी पिशवी भरली जाते तिच्याबद्दल आज लिहायचे आहे. डोंगरावर मुले आजारी पडतात त्याचे कारण बऱ्याच वेळा त्या पिशवीतच असते.

काही वर्षांपूर्वी बारा मुले घेऊन मी पारगडला निघालो होतो. बेळगावकडच्या मंडळींना हा गड ठाऊक आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला, चंदगड तालुक्यात, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या हद्दीजवळ तो आहे. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे आणि गडावर आजही वस्ती आहे. निघताना मी सर्वांची हजेरी घेतली, पण एकाही पिशवीला हात लावला नाही. ती चूक माझी.

दुपारी एकच्या सुमारास एक मुलगा मागे पडू लागला. विचारले तर "काही नाही, फादर," एवढेच म्हणाला. सोबती हसतील ही भीती! थोड्या वेळाने तो झाडाला टेकून बसला. पोटऱ्यांत गोळे आले, डोके दुखू लागले आणि तो ओकला. पिशवी उघडली. आत स्टीलचे तीन डबे, ओल्या नारळाच्या वड्या, केळ्यांची एक फणी, केकचा मोठा तुकडा आणि दोन जाड चादरी. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची, तीही केव्हाच रिकामी झालेली. मोठी बाटली डब्यांमुळे मावेना म्हणून घरीच राहिली होती.

त्याला सावलीत निजवले, सदऱ्याची बटणे सोडली, कपाळावर ओले फडके ठेवले आणि साखर-मिठाचे पाणी घोटघोट पाजले. तासाभराने तो उठला. त्याचे ओझे आम्ही वाटून घेतले. परतल्यावर त्याच्या आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "फादर, पोर उपाशी राहू नये म्हणून दिलं हो." त्या माउलीच्या मायेत काही खोट नव्हती. राहून गेला होता तो वजनाचा हिशेब.

आधी तराजू

गाडीला बैल जुंपताना आपण किती पोती चढवायची हे पाहतो. चढ असेल तर एखादे पोते उतरवतोही. तीच नजर मुलाच्या पाठीकडे ठेवावी. वाढत्या वयाच्या मुलाने आपल्या वजनाच्या सातव्या भागाहून जास्त ओझे दिवसभर वाहू नये. मुलगा ४५ किलोचा असेल तर भरलेली पिशवी साडेसहा किलोच्या आत हवी. अंगाने बारीक असेल तर याहूनही कमी. हे साडेसहा किलो असे वाटता येतात:

पाणी दोन लिटर — २ किलो
खाणे — १ किलो २०० ग्रॅम
अंथरूण-पांघरूण — १ किलो ५०० ग्रॅम
कपडे — ७०० ग्रॅम
रिकामी पिशवी — ७०० ग्रॅम
बॅटरी, ताट, पेला, औषधे — ४०० ग्रॅम

काटा घरी नसेल तर किराणा दुकानात जाऊन भरलेली पिशवी तोलून आणा. वजन जास्त भरले तर खाण्याचा डबा काढा, कपडे काढा, पण पाणी काढू नका.

पाणी

चढावर उन्हात चालणाऱ्या मुलाला तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते. थंडीच्या दिवसांत तहान कमी लागते, पण घाम जातच असतो. म्हणून तहानेची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडले असे समजावे. ही खूण मुलांना निघण्यापूर्वी सांगून ठेवा. ती लाजतात, पण लक्षात ठेवतात.

घामाबरोबर मीठही जाते. साखर-मिठाच्या दोन-तीन पुड्या घरीच बांधून द्याव्यात. एका लिटर स्वच्छ पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण. मीठ अंदाजाने टाकू नये. ते जास्त झाले तर अपाय होतो. औषधाच्या दुकानात जलसंजीवनीची तयार पुडी मिळते, ती त्याहून चांगली. तिच्यावर जितके पाणी लिहिलेले असेल तितक्याच पाण्यात पूर्ण पुडी मिसळावी. मूल बडबडू लागले, ओळखेनासे झाले किंवा अंग तापून भाजू लागले तर मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नका. अंग गार पाण्याने भिजवत, वारा घालत त्याला तडक दवाखान्यात न्या. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

वाटेतल्या ओढ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी वर गुरे बसलेली असतात. ते फडक्याने गाळावे आणि खळखळून उकळावे. नाहीतर क्लोरिनची गोळी वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे.

आणि आपल्या शेतकऱ्यांच्या घरांत हे मुद्दाम सांगावे लागते. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा कॅन पाण्यासाठी कधीही देऊ नका. सोड्याने दहा वेळा धुतला तरीही नको. ते विष प्लास्टिकमध्ये मुरलेले असते. खताचे रिकामे पोतेही अंथरायला देऊ नका.

शिदोरी

शिदोरी टिकणे किंवा विटणे हे मुख्यतः तिच्यातल्या ओलाव्यावर अवलंबून असते. अन्न नासवणारे जंतू ओलाव्यात आणि उबेत वाढतात. ओला नारळ, उकडलेला बटाटा, दही, मासे-मटणाची रस्साभाजी हे पदार्थ बंद डब्यात, पाठीच्या उबेवर, चार-पाच तासांत बिघडू शकतात. शिळ्या भाताचे तर आणखी एक आहे. तांदळातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती पुन्हा वाढतात आणि विष तयार करतात. हे विष भात परत गरम केल्याने जात नाही. म्हणून घरून भात बांधून देऊ नये. तांदूळ कोरडेच द्यावेत. मुक्कामावर शिजवावेत आणि गरम असतानाच संपवावेत.

आपल्या आज्या शेतावर रात्रीच्या राखणीला जाणाऱ्यांना जे बांधून देत, तेच डोंगरालाही उत्तम. ज्वारीची किंवा नाचणीची कडक भाकरी, नाहीतर दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या. भाकरी पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात गुंडाळावी. गरम भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत घातली की वाफेचे पाणी होते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी येते. सोबत शेंगदाण्याची किंवा कारळ्याची कोरडी चटणी, लोणच्याची फोड, एक कांदा. लोणचे बेताने, कारण खारटाने तहान वाढते.

चालताना खायला शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ. गूळ पायांना लगेच बळ देतो आणि शेंगदाणा ते बळ टिकवतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात, म्हणजे इतक्याच वजनाच्या कोरड्या तांदळाच्या दीडपटीहून अधिक. पाठीवर वाहायचे झाले तर असे वजनाला हलके आणि बळाला भारी अन्न निवडावे. शेंगदाणा-गुळाचे चार-पाच लाडू एका मुलाला पुरेत.

रात्रीसाठी दरडोई शंभर ग्रॅम तांदूळ, पन्नास ग्रॅम मूगडाळ आणि हळद-मीठ अशी खिचडीची पुडी द्यावी. सर्वांच्या पुड्या एकाच पातेल्यात पडतात, म्हणून पातेले एकच न्यावे आणि ते मुलांनी आळीपाळीने वाहावे. सकाळला मूठ-दोन मूठ पोहे. सरपण मिळाले नाही तरी ते भिजवून गुळाबरोबर खाता येतात. आपल्याकडे चोरिस आवडीने खातात. ती टिकतेही, पण नीट शिजवूनच खावी लागते. न्यायचीच तर एक-दोन मणी खिचडीत पडतील एवढीच न्या. सुका बांगडा मात्र घरीच ठेवा. त्याच्या वासाने रात्री कुत्री आणि रानातली जनावरे पिशव्या हुंगत येतात.

अंथरूण आणि कपडे

थंडी वरून लागते त्याहून अधिक ती जमिनीतून येते. म्हणून दोन जाड चादरी अंगावर घेण्यापेक्षा अंगाखाली एक प्लास्टिकचा कागद, त्यावर स्वच्छ कोरडे गोणपाट आणि वर एकच पांघरूण घ्यावे. स्वेटर आणि कानटोपी यांचे वजन थोडे, पण ऊब मोठी.

झोपण्यासाठी एक सुका सदरा आणि सुके मोजे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे बांधून द्या. दिवसभराच्या घामाने ओला झालेला सदरा घालून झोपले की पहाटे हुडहुडी भरते. सहलीसाठी म्हणून नवे बूट घेऊ नका. नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी फोड येतात. पायात बसलेले जुने कॅनव्हासचे बूट चांगले.

पिशवी कशी भरावी

दोन्ही खांद्यांना पट्टे असलेली पिशवी घ्यावी. एका खांद्यावरच्या झोळीने कंबर वाकडी होते. तळाशी अंथरूण. मधे, पाठीला अगदी चिकटून, जड वस्तू म्हणजे पाणी आणि तांदूळ. बाहेरच्या बाजूला कपडे. सर्वांत वर बॅटरी, साखर-मिठाच्या पुड्या आणि दुपारचे खाणे. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की ती माणसाला मागे ओढते आणि उतरणीवर तोल जातो. पट्टे आवळून पिशवी पाठीला घट्ट बसवावी. एक लिटरची बाटली आत आणि एक चालताना हाती येईल अशी बाहेर ठेवावी.

गोचीड आणि साप

माकडताप हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाच्या परिसरात प्रथम ओळखला गेला. आपल्या भागात २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रोगी आढळले. पारगडाच्या पश्चिमेचा मुलूख म्हणजे हाच दोडामार्ग. हा रोग बारीक गोचिडांच्या चावण्याने होतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ, आणि सुट्टीतल्या सहली नेमक्या याच काळात निघतात.

भिण्याचे कारण नाही, पण काळजी घ्यावी. लांब पँट घालून ती मोज्यांत खोचावी. पालापाचोळ्यावर थेट बसू नये, प्लास्टिकचा कागद अंथरावा. जिथे माकडे मेलेली आढळली असतील त्या रानात जाऊच नये. निघण्यापूर्वी तिथल्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. घरी आल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करावी, काखा, जांघा आणि कानामागे गोचीड पाहावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर रानात जाऊन आल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.

अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय घालू नयेत. साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रोग्याला उचलून सरकारी इस्पितळात न्यावे. सापाच्या विषावरची लस तिथेच मिळते.

शेवटचे एक

पिशवी मुलाने स्वतः भरावी. आईने शेजारी बसून पाहावे, हवे तर यादी वाचून दाखवावी, पण हात लावू नये. ज्याने पिशवी स्वतः भरली, त्याला अंधारातही बॅटरी कुठे आहे आणि मिठाची पुडी कुठे आहे ते सापडते. भरून झाली की ती पाठीवर घालून त्याला विहिरीपर्यंत आणि परत दोन फेऱ्या मारायला सांगा. खांदा दुखला तर काय काढायचे ते त्याचे तोच ठरवील. आणि त्याला एवढे बजावून ठेवा की वाटेत बरे वाटेनासे झाले तर ते मोठ्या माणसाला लगेच सांगावे, त्यात कमीपणा नाही.

त्या दिवशी झाडाखाली निजलेला तो मुलगा पुढच्याच वर्षी पुन्हा आला. निघण्यापूर्वी त्याने आपली पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "फादर, उचलून बघा." मी उचलली. बेताची होती, आणि पाण्याच्या दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. त्या वर्षापासून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी चर्चच्या व्हरांड्यात तराजू टांगून ठेवतो. यंदाही टांगीन. मुलांना पिशव्यांसह तिथे पाठवा.